'विक्षिप्तपणे' म्हणजे नक्की कसं?



संपादकीयात एरवी आपण एखादा कायदा, एखादा निकाल किंवा एखादी मोहीम यांवर बोलतो. या वेळी एका शब्दावर लिहिते आहे. शब्द इंग्रजी आहे, 'एक्सेंट्रिकली'. बोलताना आपण तो फारसा वापरत नाही. पण सल्ला केंद्रात, दवाखान्यात, महिलांच्या आधारगृहात काम करणाऱ्या आपल्यापैकी कितीजणींनी तो केसपेपरवर लिहिला असेल! 'शी बिहेव्ज एक्सेंट्रिकली.' मराठीत लिहायची वेळ आली की त्याचं 'विक्षिप्तपणे वागते' होतं. मीही हे लिहिलं आहे, आणि त्याचं काय झालं ते आधी सांगते. जिची ही हकिगत आहे तिला हा मजकूर वाचून दाखवला आहे. ओळख पटेल असे तपशील तिच्या सांगण्यावरून बदलले आहेत.

२०१६ सालची गोष्ट. एमएसडब्ल्यू करून मला दोन-तीन वर्षं झाली होती आणि खानदेशातल्या एका सल्ला केंद्रात मी काम करत होते. ती माहेरी निघून आली होती. सासर मध्य प्रदेशातलं. कुटुंब मराठी, पण तीन पिढ्या तिकडेच राहिलेलं. सहा वर्षांचा मुलगा सासरीच राहिला होता. केंद्रात संयुक्त बैठक झाली. नवरा, सासू, नवऱ्याचे मामा, एका बाजूला ती आणि तिचा भाऊ. बोलत होत्या त्या सासूबाईच. ही रात्री दोन वाजता उठून भांडी घासत बसते. हाक मारली तर ओ देत नाही, आणि विचारावं एक तर भलतंच उत्तर देते. मंगळसूत्र गळ्यात न घालता तांदळाच्या डब्यात लपवते. संध्याकाळी गच्चीवर जाऊन मोठमोठ्याने पाढे म्हणते, शेजारीपाजारी हसतात. 'कशीतरीच वागते हो ही,' असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

ती गप्प होती. मी फाइलमध्ये इंग्रजीत लिहिलं की क्लाएंट सहकार्य करते, पण कधी कधी एक्सेंट्रिकली वागते. समझोता व्हावा अशी माझी मनापासून इच्छा होती. सासूबाईंचंही थोडं ऐकून घेतलं असं दिसावं, म्हणून दोन्ही बाजूंना दिलेल्या पत्रात मी लिहिलं, 'त्या स्वभावाने चांगल्या आहेत. क्वचित विक्षिप्तपणे वागतात. घरच्यांनी समजून घेतल्यास संसार सुरळीत होईल.' पत्रावर केंद्राचा शिक्का आणि माझी सही.

आठ महिन्यांनी तिला तिकडच्या न्यायालयाची नोटीस आली. नवऱ्याने घटस्फोटाचा अर्ज केला होता आणि कारण दिलं होतं मानसिक विकाराचं. सोबत माझं पत्र जोडलेलं. अर्ज हिंदीत होता. माझ्या पत्राचाही हिंदी अनुवाद केला होता आणि त्यात 'विक्षिप्त' हा शब्द जसाच्या तसा ठेवला होता. अनुवाद करणाऱ्याला दोष कसा द्यायचा? शब्द दोन्ही भाषांत आहे. फक्त मराठीत विक्षिप्त म्हणजे तऱ्हेवाईक, आणि हिंदीत विक्षिप्त म्हणजे सरळ वेडा. मी तऱ्हेवाईक लिहिलं होतं. न्यायालयाने वाचलं ते हे, की पत्नीच्या बाजूच्या सल्ला केंद्रानेच तिचं डोकं ठिकाणावर नसल्याचं मान्य केलं आहे. अंतरिम आदेशाने मुलगा वडिलांकडे राहिला. पुढे नवऱ्याच्या बाजूने एकही वैद्यकीय पुरावा आला नाही, प्रकरण परस्पर संमतीवर आलं आणि मुलगा आईकडे आला. तोवर चौदा महिने गेले होते. सगळा दोष माझ्या एका शब्दाचा होता असं मी म्हणणार नाही. पण त्यात माझा वाटा होता.

ती मला यावरून रागावून बोलली नाही. एवढंच म्हणाली, 'ताई, भांडी रात्री का घासता, असं तुम्ही मला विचारलंच नाही.'

मग विचारलं. त्यांच्या गल्लीत नळाला पाणी रात्री दोनला यायचं, तासभरच. हाकेला ओ न देण्याचं कारण डावा कान. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नवऱ्याने कानशिलात मारली, तेव्हापासून त्या कानाने ऐकू येत नाही. त्या बाजूने कुणी बोललं की ती अंदाजाने उत्तर द्यायची. मंगळसूत्र एकदा नवऱ्याने न विचारता गहाण ठेवलं होतं. सोडवून आणल्यावर ती ते डब्यात ठेवू लागली. आणि पाढे? 'पाढे मला आवडतात,' ती म्हणाली. 'एकोणतिसाचा येतो मला. कुणाला येतो हल्ली?'

चारपैकी एक पाण्याची तक्रार होती, एक मारहाणीचा पुरावा होता, एक स्त्रीधनाचा प्रश्न होता आणि एक निव्वळ आवड होती. या चारही गोष्टी मी एका शब्दाखाली झाकून टाकल्या. ऐकू न येणाऱ्या कानाची तपासणी करून घेतली असती, तर घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली तिचा अर्ज किती भक्कम झाला असता! आता मनाशी म्हणते एवढंच.

शाळेत आपण शिकलो की क्रियाविशेषण क्रियापदाबद्दल जास्त माहिती देतं. भरभर चालली, हळू बोलली. चालणं भरभर होतं की नाही, हे बघणाऱ्या कुणालाही पडताळता येतं. 'विक्षिप्तपणे वागली' हे कुणी आणि कसं पडताळायचं? या शब्दातून तिने काय केलं ते कळतच नाही. बघणाऱ्याला कसं वाटलं एवढंच कळतं. मात्र वाक्याचा कर्ता ती असल्यामुळे बघणाऱ्याचं वाटणं तिचा गुण होऊन बसतं. 'कशीतरीच' म्हणताना सासूबाईंना निदान माहीत होतं की आपल्याला शब्द सापडत नाही. मला इंग्रजी शब्द सापडला आणि मी समजले की काम झालं.

मूळ शब्द ग्रीक आहे. 'एक' म्हणजे बाहेर आणि 'केंत्रोन' म्हणजे केंद्र. जुन्या खगोलशास्त्रात हा शब्द होता तो वर्तुळांबद्दल. ज्या वर्तुळाच्या मध्याशी पृथ्वी नाही ते एक्सेंट्रिक. कारखान्यात काम करणाऱ्यांना तो यंत्रातला म्हणून माहीत असेल. पॉवर प्रेसच्या शाफ्टवर मध्य सोडून बसवलेला भाग असतो, त्यालाही एक्सेंट्रिक म्हणतात. तो मध्यावर बसवला तर शाफ्ट नुसता फिरत राहील, प्रेस खालीवर होणार नाही. माणसांना हा शब्द लागला तो नंतर. लागताना एक प्रश्न मागेच राहिला, की केंद्र कोणतं धरायचं? घरात ते कुणाला धरतात, हे तुम्हाला सांगायला नको.

आपला 'विक्षिप्त' हा मूळचा संस्कृत, अर्थ फेकलेला, विखुरलेला. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी सांगितल्या आहेत. क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र, निरुद्ध. तिथे विक्षिप्त म्हणजे चंचल, पण अधूनमधून स्थिर होणारं चित्त, एकाग्रच्या अलीकडची पायरी. त्या मोजमापाने आपण सगळ्याजणी विक्षिप्तच. निदान मासिकाचा अंक छापायला जायच्या आठवड्यात तरी.

शब्द पुरुषाला लागतो तेव्हा त्याचा रंग बदलतो, हेही बघण्यासारखं आहे. पुरुष विक्षिप्त असला की मराठीत त्याला कलंदर म्हणतात, अवलिया म्हणतात, वल्ली म्हणतात. पु. ल. देशपांड्यांचं 'व्यक्ती आणि वल्ली' आपण सगळ्यांनी हसत हसत वाचलं आहे. त्यातल्या वल्ली पुरुष आहेत. यात पु. लं.चा दोष काढायचा नाही. स्वतःच्या तऱ्हेने जगून चारचौघांच्या कौतुकाला पात्र व्हायची मुभाच बायकांना कमी होती. गच्चीवर उभं राहून एकोणतिसाचा पाढा म्हणणारा एखादा आजोबा असता तर गल्लीने त्याला वल्ली म्हटलं असतं.

या शब्दाची भाषा ज्या देशातून आली, तिथे तरी बायकांना तो कसा लागला? १८५८ साली इंग्लंडमध्ये लेडी रोझिना बुलवर लिटन या बाईंचं प्रकरण गाजलं. नवरा नामांकित कादंबरीकार, नुकताच मंत्री झालेला. दोघं बऱ्याच वर्षांपासून वेगळी राहत होती. त्याच्या निवडणुकीच्या सभेत जाऊन तिने भर गर्दीत त्याचे वाभाडे काढले. थोड्याच दिवसांत नवऱ्याने दोन डॉक्टरांच्या दाखल्यावर तिला वेड्यांच्या खाजगी आश्रमात ठेवलं. वर्तमानपत्रांनी ओरड केली म्हणून काही आठवड्यांत तिची सुटका झाली.

पुढच्याच वर्षी, १८५९ मध्ये, जॉन स्टुअर्ट मिल यांचं 'ऑन लिबर्टी' प्रसिद्ध झालं. त्याच्या तिसऱ्या प्रकरणात त्यांनी तऱ्हेवाईकपणाची उघड बाजू घेतली आहे. ज्या समाजात निराळं वागायची हिंमत कमी, तिथे बुद्धी आणि धैर्यही कमी, असा त्यांचा मुद्दा. हे बरेच लोक सांगतात. त्याच प्रकरणात खाली एक लांबलचक तळटीप आहे, तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. एखाद्याला वेडं ठरवायला न्यायालयात कसला पुरावा चालतो, याबद्दल मिल त्यात संतापून लिहितात. रोजच्या जगण्यातले बारीकसारीक तपशील उकरून काढायचे आणि जे चारचौघांसारखं नाही ते वेडाचं लक्षण म्हणून ज्यूरीपुढे मांडायचं. ती टीप वाचताना मला आमची संयुक्त बैठक आठवते. हे पुस्तक मिल यांनी त्यांच्या दिवंगत पत्नी हॅरिएट टेलर यांना अर्पण केलं आहे. लिखाणात तिचा मोठा वाटा होता असं त्यांनी स्वतः सांगितलं. त्याबद्दल विद्वानांनी पुढे वर्षानुवर्षं त्यांनाच हसून घेतलं, तो भाग निराळा.

आणि जॉर्जिना वेल्डन! ही बाई गाणारी. लंडनमध्ये स्वतःच्या घरात तिने अनाथ मुलांना सांभाळून गाणं शिकवायला सुरुवात केली. प्रेतात्म्यांशी बोलता येतं यावर तिचा विश्वास होता, जो त्या काळी इंग्लंडात हजारो लोकांचा होता. नवरा वेगळा राहत होता आणि तिच्या खर्चाचे पैसे देऊन कंटाळला होता. १८७८ मध्ये अनोळखी गृहस्थ घरी आले, अनाथालयात रस असल्याचं सांगून गप्पा मारून गेले. ते खोटी नावं सांगून आलेले डॉक्टर होते. तिच्या बोलण्यावरून त्यांनी तिला वेडी असल्याचे दाखले दिले. न्यायला माणसं आली तेव्हा ती निसटली आणि आदेशाची सात दिवसांची मुदत संपेपर्यंत लपून राहिली. कोर्टात दाद मागायला गेली तर कळलं की विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने असा दावा लावता येत नाही. ती थांबली. १८८२ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला, तो अधिकार मिळाला, आणि मग तिने एकामागून एक दावे लावले. १८८४ मध्ये स्वतः उभं राहून खटले चालवले आणि डॉक्टरांकडून भरपाई मिळवली. ती विक्षिप्त होती का? होती की! तिच्या घरात मुलांबरोबर कुत्र्यांचाही सुळसुळाट होता, आणि भांडण म्हटलं की ती मागे हटत नसे. विक्षिप्त असणं हा तिला कोंडण्याचा परवाना नव्हता, एवढंच तिने सिद्ध केलं.

वेल्डनबाईंसारख्यांच्या प्रकरणांमुळे इंग्लंडमध्ये आरडाओरडा झाला आणि १८९० च्या लुनसी कायद्यात दाखल करण्याआधी न्यायिक अधिकाऱ्याचा आदेश आवश्यक झाला. आपल्याकडे इंग्रजांनी १९१२ चा इंडियन लुनसी अ‍ॅक्ट केला. दोन डॉक्टरांचे दाखले आणि नातेवाइकाचा अर्ज, ही रीत त्यात होती. स्वातंत्र्यानंतरही तो चार दशकांहून जास्त चालला. १९८७ चा कायदा त्याच्या जागी प्रत्यक्षात लागू झाला तो १९९३ मध्ये.

आणि लग्नाचा कायदा? हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मानसिक विकार हे घटस्फोटाचं कारण आहे. १९७६ च्या दुरुस्तीने त्यात जे स्पष्टीकरण आलं, त्यात मनोविकृतीची व्याख्या करताना 'अ‍ॅबनॉर्मली' आक्रमक वर्तन असा शब्दप्रयोग आहे. म्हणजे कायद्याच्या पोटातही एक क्रियाविशेषण बसलेलं आहेच. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९८८ मध्ये राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की आजाराचं नुसतं नाव पुरत नाही. विकार अशा प्रकारचा आणि इतका तीव्र आहे का, की सोबत राहण्याची अपेक्षा करता येऊ नये, हे सिद्ध करावं लागतं. २०१३ मध्ये आंध्रातल्या एका प्रकरणात, जिथे पत्नी स्वतः डॉक्टर होती, न्यायालयाने हेच धरून नवऱ्याला घटस्फोट नाकारला. वकिलाकडे जाताना ही दोन प्रकरणं लक्षात असू द्या. बऱ्याच ठिकाणी बाई घाबरून आधीच सही करते, प्रकरण तिथवर पोचतच नाही.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम ३ आपल्या प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लावण्यासारखं आहे. एखादी व्यक्ती तिच्या समाजातल्या नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक, कामाविषयीच्या किंवा राजकीय मूल्यांप्रमाणे किंवा धार्मिक समजुतींप्रमाणे वागत नाही, या कारणावरून तिला मानसिक आजार आहे असं ठरवता येणार नाही. पूर्वी कधी उपचार घेतले होते, एवढ्यावरून आज आजार आहे असंही म्हणता येणार नाही. आणि खटल्यात कुणी मानसिक आजाराचा पुरावा आणला व दुसऱ्या बाजूने त्याला आव्हान दिलं, तर कलम १०५ नुसार न्यायालयाने ते प्रकरण मंडळाकडे तपासणीसाठी पाठवायचं आहे. म्हणून आव्हान द्यायला हवं. गप्प राहू नका.

इथे एक गोष्ट मला स्वतःलाही टोचते. अशा प्रकरणात आपण लगेच ओरडतो, 'ती वेडी नाही!' पण कधी ती खरोखर आजारी असते. तिला आवाज ऐकू येतात, तिची झोप गेलेली असते, तिला गोळ्यांची गरज असते. तेव्हा आपलं काय? तिच्या बाजूने बोलताना आपण आजाराची लाज बाळगली, तर आजारी बाईला आपल्या दारातही जागा नाही. आमच्या गटात यावर दोन मतं आहेत. काहीजणींना वाटतं की कोर्टात आजाराचा उल्लेखच नको, नवऱ्याच्या हातात आयतं कोलीत कशाला द्यायचं. मला वाटतं, लपवलेला कागद शेवटी बाहेर येतोच, आणि तेव्हा तो जास्त महागात पडतो. 'आजार आहे, उपचार चालू आहेत, आणि ती आई म्हणून समर्थ आहे' हे वाक्य आपल्याला ठामपणे म्हणता आलं पाहिजे. अजून येत नाही.

आमच्या केंद्रातला अर्ज आम्ही बदलला आहे. पूर्वी 'वर्तन' असा रकाना होता आणि त्यात एका ओळीची जागा. आता तिथे विचारलं आहे की काय केलं, कधी, कितीदा, कुणी पाहिलं, आणि तिचं स्वतःचं म्हणणं काय. जागा अर्ध्या पानाची. भरायला वेळ लागतो, बाहेर बाकावर बायका खोळंबतात, आणि नव्या मुली कुरकुरतात की हे पोलीस पंचनाम्यासारखं झालं. कुरकुर खोटी नाही. पण पंचनाम्यात निदान कोणती वस्तू कुठे पडली होती ते तरी लिहितात. दोन्ही बाजूंना जाणाऱ्या पत्रात स्वभावाबद्दल एकही शब्द घालायचा नाही, असंही ठरवलं आहे. परवा एका पत्रात मी सवयीने 'थोड्या हट्टी आहेत' लिहून गेले, आणि कार्यालयातल्या टायपिस्ट मुलीने ते माझ्यापुढे आणून ठेवलं. काही बोलली नाही.

तुमच्या तालुक्यात, तुमच्या बोलीत अशा बाईला काय काय म्हणतात ते कळवा. सटकलेली, येडपट, फिरलेली, बाहेरचं झालेली, हे आमच्याकडे जमा झाले आहेत. शब्दाबरोबर तो कुणी, कुणाला आणि कशावरून म्हटला तेही लिहा, नावं नकोत. पुढच्या अंकात चार पानं त्यासाठी राखली आहेत.